ब्लेझारची उसळी मोजताना : छोट्या दुर्बिणीतून सक्रिय दीर्घिकांचं प्रकाशमापन

डिसेंबर २०१६च्या अखेरीस सीटीए १०२ हा ब्लेझार, म्हणजे जिच्या केंद्रातला झोत आपल्याकडे रोखलेला आहे अशी दीर्घिका, लाल प्रकाशात ११व्या प्रतीपेक्षाही उजळ झाला (प्रत म्हणजे तेजाची मोजपट्टी, आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). एरवी तो १७व्या प्रतीच्या आसपास रेंगाळत असतो. सहा प्रतींची वाढ म्हणजे जवळजवळ अडीचशे पट प्रकाश. हा प्रकाश निघाला त्याला सुमारे आठ अब्ज वर्षं झाली होती, आणि तरीही त्या रात्री साध्या १५ सेंमी दुर्बिणीलाही तो टिपता आला असता. सक्रिय, म्हणजे केंद्रातल्या कृष्णविवरामुळे तळपणाऱ्या दीर्घिकांच्या निरीक्षणातली खरी ओढ हीच आहे : इतक्या दूरची इतकी मोठी घटना हौशी निरीक्षकाच्या उपकरणाच्या आवाक्यात येते.

मात्र उसळी दिसणं वेगळं आणि ती उसळी दीर्घिकेतच झाली हे दाखवणं वेगळं. पातळ ढग, बिघडलेलं फोकस, फ्लॅटमधला (एकसारख्या उजेडाच्या दुरुस्ती-चित्रातला) धुळीचा डाग, वाटेवरून जाणारा लघुग्रह यांपैकी काहीही आलेखावर हुबेहूब उसळीसारखं दिसू शकतं. म्हणून पुढची बहुतेक पद्धत खोट्या उसळ्या गाळून टाकण्यासाठीच आहे.

चमक इतकी झटपट का बदलते

दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून प्लाझ्माचा झोत जवळपास प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडतो. हा झोत आपल्याकडे रोखलेला असला की त्या दीर्घिकेला ब्लेझार म्हणतात. सापेक्षतेमुळे झोतातला प्रकाश आपल्यासाठी अनेक पट तीव्र होतो आणि बदलांचा काळ आकसतो. ठोकळ हिशेब असा : प्रकाश एका दिवसात सुमारे १७३ खगोलीय एकक (पृथ्वी ते सूर्य म्हणजे एक एकक) अंतर कापतो. चमक एका दिवसात ठळकपणे बदलली आणि झोताचा डॉप्लर गुणक (वेगामुळे काळ किती पट आकसून दिसतो तो आकडा) १० धरला, तर प्रकाश देणारा भाग दीड-दोन हजार खगोलीय एककांपेक्षा मोठा असू शकत नाही. लाखभर प्रकाशवर्षं पसरलेल्या दीर्घिकेतला एवढासा तुकडा आपण मोजत असतो. बदल जितका वेगवान, तितकी ही मर्यादा कडक. तुमच्या आलेखातल्या प्रत्येक बिंदूच्या वेळेला आणि त्रुटीला एवढं वजन का, ते यावरून कळेल.

कोणत्या दीर्घिका निवडाव्यात

दोन-तीनच निवडा आणि त्यांचा पिच्छा सोडू नका. उसळीचं मोल शांत काळातल्या नोंदींमुळेच कळतं. वीस दीर्घिकांची वर्षातून एकदा घेतलेली मापं फारशी कुणाच्या कामी येत नाहीत.

एस५ ०७१६+७१४ (विषुवांश ७ ता. २१ मि. ५३ से., क्रांती +७१° २१′) ही सुरुवातीला सर्वांत चांगली. साधारण १३ ते १५ प्रतींच्या दरम्यान ती सतत हलत असते, एकाच रात्रीत बदल दिसण्याची शक्यता मोठी असते, आणि तिची यजमान दीर्घिका (केंद्राभोवतीचा ताऱ्यांचा पसारा) इतकी अंधूक आहे की तिचा प्रकाश मापात फारसा मिसळत नाही. उत्तर गोलार्धात बऱ्याच ठिकाणांहून ती वर्षभर दिसते.

बीएल लॅसर्टी (२२ ता. ०२ मि. ४३ से., +४२° १७′) ही या साऱ्या जातीला नाव देणारी दीर्घिका. १९२९ मध्ये कुनो हॉफमाइस्टर यांनी तिची नोंद चलतारा म्हणून केली होती. ती दीर्घिका असल्याचं १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून स्पष्ट होत गेलं. खूप चंचल, पण यजमान दीर्घिकेचा प्रकाश वजा करावा लागतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

३सी २७३ (१२ ता. २९ मि. ०७ से., +२° ०३′) सुमारे १२.९ प्रतीचा आहे. मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ज्याची ताम्रसृती (प्रकाशाचं लालकडे सरकणं) ओळखली तो हाच क्वेझार, म्हणजे दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र. तो सावकाश आणि थोडाच बदलतो, म्हणून उसळीसाठी नाही, पण आपली पद्धत पारखायला उत्तम : तुमच्या आलेखात ३सी २७३ रोज दशांश प्रतीने उड्या मारत असेल, तर दोष तुमच्या मापात आहे.

ओजे २८७ (८ ता. ५४ मि. ४९ से., +२०° ०७′) साधारण १२ वर्षांच्या चक्रासाठी आणि दुहेरी कृष्णविवराच्या कल्पनेसाठी प्रसिद्ध आहे, त्याच्या जुन्या छायाचित्रांतल्या नोंदी एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातात. ३सी ४५४.३ (२२ ता. ५३ मि. ५८ से., +१६° ०९′) मे २००५ मध्ये लाल प्रकाशात १२व्या प्रतीपर्यंत पोहोचला होता, शांत काळात त्याला २५ सेंमी किंवा मोठी दुर्बीण लागते. दक्षिणेकडच्या निरीक्षकांसाठी पीकेएस २१५५−३०४ (२१ ता. ५८ मि. ५२ से., −३०° १४′) उत्तम.

मार्कारियन ४२१ आकर्षक आहे, पण पहिल्या वर्षी टाळावी. सहाव्या प्रतीचा ५१ सप्तर्षी हा तारा इतका जवळ आहे की त्याची चकाकी पार्श्वभूमीत शिरते, आणि शेजारी एक छोटी सोबती दीर्घिकाही आहे.

उपकरण

२० सेंमी आरसा, विषुववृत्तीय माउंट, मार्गदर्शनाची सोय, एकरंगी शीत कॅमेरा आणि एक प्रमाणित फोटोमेट्रिक फिल्टर एवढं पुरतं. फिल्टर एकच घ्यायचा तर कझिन्सचा आर (लाल पट्ट्याचा) घ्या. ब्लेझारवरची बरीचशी जुनी मापं आर मध्ये आहेत आणि या पट्ट्यात सीमॉस-सीसीडीची संवेदनशीलताही चांगली असते. दुसरा घ्यायचा तर व्ही (हिरवट-पिवळ्या पट्ट्याचा). सुंदर चित्रांसाठी मिळणारे लाल-हिरवे-निळे फिल्टर या कामाला चालत नाहीत. त्यांच्या पट्ट्यांच्या कडा वेगळ्या असल्याने तुमची मापं इतरांच्या मापांशी जुळत नाहीत.

पिक्सेलचा आवाका असा काढा : २०६.२६५ गुणिले पिक्सेल (मायक्रॉन) भागिले नाभीय अंतर (मिमी). ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १००० मिमी नाभीय अंतर असेल तर ०.७८ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) मिळतात. ताऱ्याच्या ठिपक्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी किमान अडीच-तीन पिक्सेल भरली पाहिजे. त्याहून कमी भरली तर ठिपका पिक्सेलच्या मध्यावर पडतो की कडेवर, यानेच माप हलतं. ग्रहसंक्रमण मोजणारे मुद्दाम फोकस थोडं सोडतात. ब्लेझारसाठी तसं करू नका, शेजारचे तारे अॅपर्चरमध्ये (मोजणीच्या वर्तुळात) सांडतात.

कॅमेऱ्याची एकरेषीयता एकदा स्वतः तपासा. स्थिर, मंद प्रकाश असलेल्या पडद्याची १, २, ४, ८ सेकंद अशी वाढती चित्रं घ्या आणि बायस (शून्य वेळेच्या चित्रातली मूळ पातळी) वजा करून सरासरी मूल्य वेळेच्या प्रमाणात वाढतं का ते बघा. जिथे हे प्रमाण एक टक्क्याने चुकायला लागतं, त्याच्या खालीच तुलना-तारे ठेवायचे. सीमॉस कॅमेऱ्यात गेन आणि ऑफसेट एकदा ठरवले की वर्षभर बदलू नका.

चित्रं घेणं

संगणकाचं घड्याळ इंटरनेटच्या प्रमाणवेळेशी जुळवा आणि नोंद यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. ब्लेझारसाठी सेकंदांची अचूकता लागत नाही, पण स्थानिक वेळ चुकून यूटीसी म्हणून गेली तर तुमचे बिंदू काही तास सरकतात आणि जगभरच्या नोंदींच्या आलेखात एक खोटी पायरी तयार होते. ही चूक आश्चर्य वाटावं इतकी वारंवार होते.

उपनगरी आकाशाखाली २० सेंमी दुर्बीण आणि आर फिल्टरने १५व्या प्रतीच्या दीर्घिकेचं ६० सेकंदांचं एक चित्र साधारण ५० संकेत-गोंगाट गुणोत्तर देतं. त्रुटी काढायला १.०८६ ला या गुणोत्तराने भागा : ५० असेल तर ०.०२२ प्रत, १०० असेल तर ०.०११. रोजच्या एका नोंदीसाठी ६० सेकंदांची पाच चित्रं घ्या. एकच पाच मिनिटांचं चित्र घेऊ नका. पाच चित्रांत उपग्रहाची रेघ किंवा वैश्विक किरणाचा ठिपका वेगळा ओळखता येतो, आणि पाच मापांचा आपसातला विखुरलेपणा ही त्रुटीची दुसरी, स्वतंत्र कसोटी ठरते. सॉफ्टवेअरने दिलेली त्रुटी ०.०१ आणि प्रत्यक्ष विखुरलेपणा ०.०४ असेल तर विखुरलेपणावर विश्वास ठेवा.

दीर्घिका क्षितिजापासून ३०° पेक्षा खाली असताना मापू नका. तिथे प्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवा ओलांडावी लागते.

डार्क (झाकण लावून घेतलेली चित्रं) त्याच तापमानाला, त्याच एक्स्पोजरची, किमान २० घ्या. सीमॉसमध्ये लांब डार्कवरून छोटी डार्क गणिताने काढू नका, कारण सेन्सरच्या कोपऱ्यातला उजेड वेळेच्या प्रमाणात वाढत नाही. फ्लॅट संधिप्रकाशात किंवा प्रकाशपटलावर, कॅमेऱ्याच्या क्षमतेच्या अर्ध्यापर्यंत भरलेले, २० ते ३० असू द्या आणि त्यांची स्वतःची डार्कही घ्या. कॅमेरा फिरवला, फिल्टर काढून परत बसवला, फोकस बरंच हललं, की जुने फ्लॅट बाद.

तुलना-तारे

मोजायचं ते नेहमी त्याच चित्रातल्या स्थिर ताऱ्यांच्या तुलनेत. पातळ धुकं दीर्घिकेला आणि ताऱ्यांना सारखंच झाकतं, म्हणून फरक घेतला की ते बरंचसं निघून जातं. अमेरिकन चलतारा निरीक्षक संघटना म्हणजे आव्सो आपल्या संकेतस्थळावर नाव टाकलं की नकाशा आणि ताऱ्यांच्या प्रती देते. नकाशाचा क्रमांक लिहून ठेवा. हायडेलबर्ग वेधशाळेच्या ब्लेझार नकाशांवर तुलना-तारे अक्षरांनी दाखवलेले आहेत. बीएल लॅसर्टीचे बी, सी, एच, के हे तारे निरीक्षकांच्या तोंडी तसेच आहेत.

निवडताना तेज आणि रंग दोन्ही बघा. तुलना-तारा दीर्घिकेपेक्षा थोडा उजळ असावा, पण कॅमेरा भरून टाकणारा नसावा. खूप लाल तारा घेतला तर आकाशातल्या उंचीनुसार त्याचा आणि दीर्घिकेचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषला जातो आणि रात्रभरात एक सावकाश उतार दिसू लागतो. बीएल लॅसर्टीजवळचा बी तारा असाच लालसर आहे. दोन-तीन ताऱ्यांची सरासरी घ्या आणि एक तारा तपास-तारा म्हणून बाजूला ठेवा. तपास-ताऱ्याचं तेज दीर्घिकेच्या जवळपास असलं पाहिजे. बाराव्या प्रतीचा तारा शांत दिसला म्हणून पंधराव्या प्रतीच्या दीर्घिकेचं माप बरोबर आहे असं सिद्ध होत नाही.

अॅपर्चर आणि यजमान दीर्घिका

बहुतेक खोट्या उसळ्या इथे जन्म घेतात. मोजणीसाठी अॅस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ताऱ्यांसाठी अॅपर्चरची त्रिज्या अर्धउंचीच्या रुंदीच्या दीड ते दोन पट ठेवायची आणि ती दृश्यमानतेनुसार (हवा किती स्थिर आहे त्यानुसार) बदलायची, ही सवय चांगली. एस५ ०७१६+७१४ सारख्या बिंदुरूप ब्लेझारलाही ती चालते. पण जिथे यजमान दीर्घिका दिसते तिथे हीच सवय घात करते.

कारण असं. हवा बिघडली की ठिपके फुगतात. अॅपर्चर त्यांच्याबरोबर वाढवलं तर दीर्घिकेचा जास्त भाग आत येतो आणि ती उजळल्यासारखी दिसते. अॅपर्चर लहान आणि स्थिर ठेवलं तर तुलना-ताऱ्याचा प्रकाश बाहेर सांडतो, पण मुळातच पसरलेल्या दीर्घिकेचा तितका सांडत नाही. पुन्हा ती उजळल्यासारखीच दिसते. दोन्ही वाटांनी खराब हवा उसळीचं सोंग आणते. उपाय एकच : विकलांमध्ये ठरवलेलं मोठं, स्थिर अॅपर्चर, आणि तेच सगळ्यांनी वापरायचं. बीएल लॅसर्टीसाठी ‘होल अर्थ ब्लेझार टेलिस्कोप’ या १९९७ पासून चालणाऱ्या निरीक्षकांच्या जाळ्याने ८ विकला त्रिज्येचं अॅपर्चर आणि पार्श्वभूमीसाठी १० ते १६ विकलांचं कडं रूढ केलं आहे. विकलांचे पिक्सेल आपल्या आवाक्यानुसार करून घ्या : ०.७८ विकलांचा पिक्सेल असेल तर ८ विकला म्हणजे १०.३ पिक्सेल.

यजमान दीर्घिकेचा प्रकाश वजा करताना प्रतींची वजाबाकी करू नका. प्रत ही लॉगरिथमची मोजपट्टी आहे, आधी तिचा प्रकाशप्रवाह करायचा (१० चा घात, उणे ०.४ गुणिले प्रत), मग वजा करायचं, मग परत प्रत. बीएल लॅसर्टीची यजमान दीर्घिका आर मध्ये सुमारे १५.५ प्रतीची आहे आणि ८ विकलांच्या अॅपर्चरमध्ये तिचा जवळपास ६० टक्के प्रकाश येतो, म्हणजे १६.०५ प्रतीइतका. आता समजा एका रात्री माप १५.० आलं आणि आठवड्याने १४.० आलं. पहिल्या रात्री यजमानाचा वाटा ३८ टक्के होता, म्हणून केंद्र एकटं १५.५२ प्रतीचं. दुसऱ्या रात्री वाटा १५ टक्क्यांवर आला, केंद्र १४.१८ प्रतीचं. मापात एका प्रतीचा फरक दिसला, प्रत्यक्षात केंद्र १.३४ प्रतींनी उजळलं. शांत काळात हा फरक सर्वांत मोठा असतो. नोंद पाठवताना मात्र वजा न केलेलं माप पाठवा आणि अॅपर्चर लिहा. वजाबाकी विश्लेषण करणारा एकाच पद्धतीने सगळ्यांसाठी करतो.

एका रात्रीतला बदल

काही तासांतला बदल टिपायचा असेल तर ६० ते १२० सेकंदांची चित्रं सलग किमान चार तास घ्या. मग दोन आलेख एकाखाली एक काढा : दीर्घिका उणे तुलना-तारा आणि तपास-तारा उणे तुलना-तारा. दोन्हींच्या विचरणांचं (विखुरलेपणाच्या वर्गाचं) गुणोत्तर काढा. प्रत्येकी ३१ बिंदू असतील तर हे गुणोत्तर २.३९ च्या वर गेल्यावरच ९९ टक्के खात्रीने बदल म्हणता येतो. तपास-तारा दीर्घिकेपेक्षा उजळ असेल तर ही कसोटी फसवी होते.

आकड्यांआधी डोळ्यांनीही बघा. अर्धउंचीची रुंदी, पार्श्वभूमी आणि आकाशातली उंची यांचे आलेख त्याच वेळअक्षावर ठेवा. दीर्घिकेचा आलेख यांपैकी एकाच्या चढउताराशी जुळत असेल तर ती उसळी नाही. माउंट मध्यान्हवृत्त ओलांडून उलटला त्या क्षणी उडी दिसली तर फ्लॅट दोषी आहे. तारे सेन्सरच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथली धूळ फ्लॅटने नीट काढली नाही.

उसळी दिसली तर

एका बिंदूवर कधीही घोषणा करू नका. त्याच रात्री दुर्बीण अर्ध्या अंशाने हलवून दीर्घिका सेन्सरच्या वेगळ्या भागावर आणा आणि पाच चित्रं घ्या. दुसऱ्या फिल्टरने पाच घ्या. दुसरे तुलना-तारे घेऊन जुनी चित्रं पुन्हा मोजा. ताजं चित्र आणि आठवड्यापूर्वीचं चित्र पडद्यावर आळीपाळीने उघडझाप करून बघा. अॅपर्चरमध्ये नवा ठिपका असेल तर तो लघुग्रह असू शकतो. ओजे २८७ क्रांतिवृत्तापासून तीन अंशांच्या आत आहे आणि ३सी २७९ हा ब्लेझार तर जवळपास क्रांतिवृत्तावरच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य दरवर्षी त्याला झाकतो. या दोघांच्या बाबतीत लघुग्रहांची त्या रात्रीची यादी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि चंद्रही महिन्यातून एकदा जवळून जातो हे ध्यानात ठेवा.

हे सगळं टिकलं तर गॅमा किरणांकडे वळा. २००८ मध्ये सोडलेली फर्मी दुर्बीण सर्वसाधारण कामकाजात दर तीन तासांत सगळं आकाश न्याहाळते, आणि ठळक ब्लेझारांचे तिचे आलेख कुणालाही पाहता येतात. गॅमा किरणांतही चढ असेल तर तुमची मापं लगेच महत्त्वाची ठरतात. पण तिथे काहीच नसलं तरी तुमचा बदल खोटा ठरत नाही. दृश्यप्रकाशातल्या कित्येक उसळ्यांना गॅमा किरणांची जोड नसते.

उसळीच्या काळात व्ही आणि आर आलटून पालटून घ्या. बीएल लॅसर्टी जातीचे ब्लेझार उजळताना बहुधा निळसर होतात, तर ठळक वर्णरेषा असलेले क्वेझार अनेकदा लालसर होतात, कारण त्यांच्यात निळसर चकतीच्या प्रकाशात झोताचा लाल प्रकाश मिसळतो. दोन फिल्टरांमधलं अंतर काही मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर तेजातला बदलच रंगातला बदल म्हणून दिसेल.

नोंद पाठवताना

आव्सोच्या विस्तारित स्वरूपात प्रत्येक ओळीत नाव, ज्युलियन दिनांक, प्रत, त्रुटी, फिल्टर, तुलना-तारा, तपास-तारा, एअरमास (प्रकाशाने डोक्यावरच्या तुलनेत किती पट हवा ओलांडली) आणि नकाशाचा क्रमांक असतो. ज्युलियन दिनांक दुपारी बारा यूटीसीला बदलतो, आणि वेळ एक्स्पोजरच्या मध्याची द्यायची. चित्राच्या शीर्षकात बहुधा सुरुवातीची वेळ असते, तिच्यात अर्धं एक्स्पोजर मिळवा. पाच चित्रं एकत्र केली असतील तर पहिल्याच्या सुरुवातीपासून शेवटच्याच्या शेवटापर्यंतचा मध्य घ्या. तुलना-तारा आणि तपास-तारा यांच्या रकान्यात नकाशावरच्या प्रती नव्हे, तर उपकरणाने मोजलेल्या प्रती लिहायच्या असतात. फिल्टर न लावता मोजून व्हीच्या प्रती वापरल्या असतील तर फिल्टरच्या रकान्यात सीव्ही लिहा, व्ही नव्हे. टिपणीत अॅपर्चरची त्रिज्या विकलांमध्ये द्या. मूळ चित्रं, डार्क आणि फ्लॅट जपून ठेवा. तुलना-ताऱ्यांच्या प्रती पुढे सुधारल्या गेल्या तर त्याच चित्रांवरून जुनी उसळी पुन्हा मोजता येते.